वेठ : एका शब्दाची कुळकथा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की त्यात एखादा राजा, एखादा किल्ला किंवा एखादी लढाई यावी अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. परंतु आज आम्ही एका दोन अक्षरी शब्दाचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहोत. तो शब्द ‘वेठ’ हा होय. तो आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. मुलाने गृहपाठ कसाबसा उरकला की आई त्याला म्हणते, ‘नुसती वेठ मारू नकोस.’ बसगाड्या बंद पडल्या की वर्तमानपत्र लिहिते, ‘प्रवाशांना वेठीस धरले.’ बोलणारा अडखळत नाही आणि ऐकणाराही दचकत नाही.

हाच शब्द ऐंशी वर्षांपूर्वी डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर उच्चारला जाई, तेव्हा त्याचा अर्थ इतका हलका नव्हता. ऐन पावसात स्वतःचे शेत तसेच टाकून जमीनदाराच्या शेतावर राबायला जाणे, आणि न गेल्यास मार खाणे, असा त्याचा तेथे अर्थ होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आज एकमेकांना ओळखही देत नाहीत. ही ताटातूट कशी झाली, आणि तिच्यामुळे आपण काय विसरलो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. ‘वेठ’ हा अस्सल जुना शब्द आहे. संस्कृतातील ‘विष्टि’ या शब्दापासून तो आला. ‘मुष्टि’ची ‘मूठ’ झाली, ‘दृष्टि’ची ‘दीठ’ झाली, त्याच वाटेने ‘विष्टि’ची प्राकृतात ‘विट्ठि’ किंवा ‘वेट्ठि’ झाली आणि मराठीत ‘वेठ’ झाली. इकाराचा एकार का झाला असे कोणी विचारील, तर ‘बिल्व’ या शब्दाचा आपण ‘बेल’ केला हे आठवावे. या शब्दाची भावंडे देशभर पसरलेली आहेत. गुजरातीत तो ‘वेठ’ आहे, तेलुगूत ‘वेट्टि’ आहे, कन्नडात ‘बिट्टि’ आहे. कन्नडात तर ‘बिट्टि’ म्हणजे ‘फुकट’ असाही अर्थ रूढ झाला. काम करणाऱ्याच्या हाती शेवटी काय पडे हे त्या एका अर्थातच आले.

मूळ धातू ‘विष्’. त्याचा अर्थ काम करणे, सेवा करणे. म्हणजे आरंभी ‘विष्टि’त सक्ती नव्हती, केवळ श्रम होता. पुढे राजाने करवून घेतलेला, मोबदला नसलेला श्रम असा त्याचा अर्थ ठरत गेला. मनुस्मृतीने कारागिरांकडून आणि अंगमेहनतीवर जगणाऱ्या शूद्रांकडून राजाने दर महिन्यास एक दिवस काम करून घ्यावे असे सांगितले. ज्याच्याजवळ कर देण्यास धान्य वा नाणे नाही, त्याने अंगाने कर द्यावा असा तो हिशेब होता. पंचांगातील सात चर करणांपैकी शेवटचे करणही ‘विष्टि’च, आणि ते अशुभ मानलेले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. दोन्ही विष्टींचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण केवळ नामसाम्यावर इतिहास उभारू नये, म्हणून तो मोह आम्ही आवरतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बिनमोबदल्याचे प्रत्येक काम वेठ नसते. आपल्या खेड्यांत इर्जिक असते. शेजारी शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जमतात, दिवसात नांगरट उरकतात, जेवतात आणि घरी जातात. कोकणात सावड असते. आज माझ्या शेतावर, उद्या तुझ्या. तेथे कोणी कोणाला दाम देत नाही, तरी त्याला वेठ म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कारण जो आज राबतो तो उद्या दुसऱ्याला बोलावू शकतो, आणि अडचण असेल तर ‘आज जमत नाही’ असेही म्हणू शकतो. तेव्हा वेठीचे खरे लक्षण मजुरी नसणे हे नव्हे, तर ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसणे हे होय. पुढील सर्व विवेचनात हे लक्षण ध्यानात असू द्यावे.

आता हा शब्द दगडावर आणि तांब्यावर कोठे भेटतो ते पाहू. गिरनारच्या पायथ्याशी जुनागढ येथे महाक्षत्रप रुद्रदामन याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात उल्लेखिलेले वर्ष शके ७२, म्हणजे इ. स. १५० हे आहे. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. तो राजाने स्वतःच्या खजिन्यातून पुन्हा बांधविला, आणि त्यासाठी नगरातील व खेड्यांतील प्रजेस कर, विष्टि आणि प्रणय यांनी पीडा दिली नाही, असे त्यात अभिमानाने कोरले आहे. राजा जेव्हा एखादी गोष्ट केली नाही म्हणून फुशारकी मारतो, तेव्हा इतर राजे ती करीत असत हे उघड होते.

क्षत्रपांच्याच काळात आपल्या डहाणूचे नावही प्रथम लेखात येते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत कोरविलेल्या लेखात, ज्या नद्यांवर त्याने लोकांसाठी पैसे न घेता नावा चालविण्याची सोय केली त्यांची यादी आहे. तीत दमण आणि तापी यांच्याबरोबर ‘दाहनुका’ ही नदी आहे. डहाणूच्या खाडीवर पुण्य म्हणून फुकट तर चालत होती, ही मोठी गोड गोष्ट आहे. दात्याचे नाव त्या लेखात ठसठशीत आहे. नाव वल्हवणाऱ्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. दगड कोरविणारा एक असतो आणि वल्हे मारणारा दुसरा असतो, हे इतिहास वाचताना विसरू नये.

पुढे ताम्रपटांचा काळ येतो. अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातील ताम्रपटात, दान दिलेले गाव सर्व प्रकारच्या विष्टीतून मुक्त केल्याचे म्हटले आहे. म्हणजे राजाच्या माणसांनी त्या गावात येऊन वेठीस माणूस धरावयाचा नाही. वलभीच्या मैत्रकांच्या आणि मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत मात्र निराळा शब्दप्रयोग भेटतो. तेथे गाव ‘उत्पन्न होणाऱ्या विष्टीसह’ दिलेले असते. जमीन, झाडे, दंडाचे उत्पन्न यांच्याबरोबर गावकऱ्यांची वेठही दान घेणाऱ्याच्या हाती जाते. एका ताम्रपटात वेठ सुटते, दुसऱ्यात ती हस्तांतरित होते. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरली. राजाचा हक्क राजापाशी असतो तोवर त्याला निदान बांध, रस्ता, सैन्य असे सार्वजनिक निमित्त असते. तो खासगी माणसाच्या हाती गेला की निमित्ताचीही गरज उरत नाही.

याच राष्ट्रकूटांचे राज्य आपल्या या किनाऱ्यावर होते. १९५५ साली डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांवरून, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या सुमारास संजानच्या मंडलावर राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी कारभार करीत होता, आणि त्याचे ‘मधुमति’ हे नाव महंमद या नावाचे संस्कृत रूप आहे, हे कळले. त्यानेही नदीवर फुकट तर आणि अन्नछत्र चालविल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे हा प्रदेश इतिहासाच्या आडबाजूला कधीच नव्हता. राज्ये, व्यापार, दानधर्म सारे येथे होते. आणि ज्यांच्या श्रमांवर ते चाले ती माणसेही येथेच होती.

मुसलमानी अमलात फारसीतून ‘बेगार’ हा शब्द आला. त्याचा अर्थ जवळजवळ वेठीचाच. मराठीने दोन्ही शब्द ठेवले आणि जोडून ‘वेठबेगार’ किंवा ‘वेठबिगार’ असा सामासिक शब्द केला. कागदपत्र, बाजारहाट या जोड्यांप्रमाणेच ही जोडी आहे. एक शब्द फारसी, एक आपला, अर्थ एकच. राज्य बदलले, दरबाराची भाषा बदलली, तरी कामाचे स्वरूप बदलले नाही, म्हणून जुना शब्द न जाता नवा त्याच्या शेजारी येऊन बसला. पेशवाईतील कागदांत ‘वेठबेगार’ वारंवार येतो. किल्ल्यासाठी गवत कापणे, सरपण आणणे, सरकारी ओझी गावोगाव पोचविणे ही कामे या नावाखाली येत, आणि त्यांचा मोठा भार महारांवर पडे. एखाद्या इनामदारावर कृपा झाली की त्याच्या माणसांना वेठबेगार माफ झाल्याचे पत्र मिळे. माफी मिळते ती बहुधा ओळख असलेल्याला. ओळख नसलेल्याच्या वाट्याला माफ झालेल्याचेही ओझे येते.

येथवर आपण ‘विष्टि’ आणि ‘बेगार’ हे उघडेवाघडे शब्द पाहिले. परंतु सक्तीच्या श्रमाला आणि सक्तीच्या वसुलीला गोड नावे देण्याची रीतही तितकीच जुनी आहे. रुद्रदामनाच्या लेखात विष्टीशेजारी ‘प्रणय’ हा शब्द आला, तो आपणांस खटकला असेल. प्रणय म्हणजे प्रेम; पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिना रिकामा झाला असता प्रजेकडून करावयाच्या जादा मागणीचे ते नाव आहे. प्रेमाने मागितले असे म्हणावयाचे, आणि नकार ऐकावयाचा नाही.

ही रीत केवळ आपलीच नाही. इंग्लंडमध्ये मध्ययुगात जहागीरदार सुगीच्या दिवसांत कुळांना आपल्या शेतावर बोलावी. त्या कामाचे नाव ‘बून’. या शब्दाचा मूळ अर्थ विनंती किंवा प्रार्थना. विनंती वाड्यातून आली की ती मोडण्याची सोय नसे. पंधराव्या शतकात तेथील राजा चौथा एडवर्ड याने श्रीमंत प्रजेकडून पैसे उकळले, त्याला ‘बेनेव्होलन्स’ म्हणजे सदिच्छा असे नाव होते. स्कॉटलंडमध्ये ‘आर्ल्स’ असा एक शब्द आहे. इंग्रजी बोलणारांतही तो आता क्वचितच कोणास माहीत असेल. आपण सौदा पक्का करताना विसार देतो, तशी नोकर ठेवताना त्याच्या हातावर ठेवण्याची ही रक्कम. लॅटिन भाषेतील विसाराच्या शब्दापासून तो आला. दिसावयास अगदी निरुपद्रवी. परंतु स्कॉटलंडच्या कोळसा खाणींत, मजुराच्या मुलाच्या बारशाच्या वेळी खाणमालक आईबापांच्या हाती ही आर्ल्स ठेवी, आणि ती स्वीकारली की ते मूल मोठे होऊन त्याच खाणीत राबणार हे ठरून जाई. १६०६ च्या कायद्याने तेथील खाणमजूर मालकाच्या परवानगीवाचून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. त्याची पूर्ण सुटका १७७५ आणि १७९९ अशा दोन कायद्यांनंतरच झाली. ज्या देशाने जगाला अॅडम स्मिथ दिला, त्या देशात त्याच्या हयातीतली ही स्थिती होती.

बारशाच्या वेळी हातावर ठेवलेल्या पैशाने जन्म बांधला जावा, ही गोष्ट ऐकून आपणांस दूरची वाटेल. ती मुळीच दूरची नाही. डहाणू-तलासरीत तेच लग्नाच्या वेळी होत होते, आणि त्याचे नाव होते ‘लग्नगडी’.

हा शब्द किती गोड आहे पाहा. ‘लग्न’ मंगल, आणि ‘गडी’ तर खेळातलाही असतो, सवंगडी असतो. पण गडी म्हणजे चाकरही. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून पैसे घेऊन त्याच्याकडे बांधला गेलेला माणूस. कर्ज थोडे असे. फेड श्रमाने करावयाची असे. हिशेब मालकाच्या वहीत असे आणि घेणाऱ्याला वाचता येत नसे. नवऱ्याबरोबर बायकोही त्या घरी राबावयास जाई. मालकाने कर्ज फिटले म्हणेपर्यंत हे चाले, आणि मालक तसे म्हणत नसे. संसाराची सुरुवात ज्या दिवशी झाली त्याच दिवशी स्वातंत्र्याचा शेवट झाला. सरहद्दीपलीकडे सुरतेच्या बाजूस दुबळा जमातीत ‘हाळी’ची पद्धत होती, तीही बहुधा लग्नाच्या कर्जातूनच सुरू होई.

हे येथे का घडले, याचे उत्तर जमिनीत आहे. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी या लोकांचा हा जुना मुलूख. इंग्रजी अमलात महसूल रोख भरावयाचा झाला, जंगल राखीव झाले, जमिनीची मालकी कागदावर आली. कागद ज्याला वाचता येई आणि रोख ज्याच्याजवळ असे, त्याच्याकडे जमीन गेली. आदिवासी आपल्याच शेतावर कूळ झाला. खंड धान्यात देऊन त्याची सुटका होत नव्हती. त्यावर वेठ होती. नांगरट, लावणी, कापणी, गवत कापणे, लाकूड ओढणे, घरचे पडेल ते काम, यांसाठी बोलावणे आले की जावयाचे.

शेतीच्या अंगाने पाहिले म्हणजे या वेठीचा खरा दंश कळतो. डहाणू-तलासरीची भातशेती पावसावरची. रोप तयार होऊन पाऊस साधला की लावणीला थोडेच दिवस मिळतात. नेमक्या त्याच दिवसांत जमीनदाराच्या शेतावर वेठ असे. त्याची लावणी वेळेवर होई, वारल्याची मागे पडे. लावणी उशिरा म्हणून पीक कमी. पीक कमी म्हणून पुढल्या पावसाळ्यात पोटासाठी ‘खावटी’, म्हणजे धान्याचे कर्ज. कर्ज म्हणून मिंधेपणा. आणि मिंधेपणा म्हणून पुन्हा वेठ. हे चाक एका वर्षाचे नव्हते, पिढ्यांचे होते. ‘आदिवासी आळशी आहे’ असे त्या काळी शहरात सहज म्हटले जाई. ज्याचे सर्वात मोलाचे आठ दिवस दुसरा नेतो, त्याच्या शेताकडे पाहून त्याच्या स्वभावाचा निवाडा करणे हा मोठा अन्याय होता.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला, आणि त्यांची गुलामासारखी अवस्था त्यात नोंदली. अहवाल छापला गेला, कपाटात गेला. वेठ चालू राहिली.

ती थांबली ती १९४५ साली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा हा वारली तेथे गेला होता. आजचा तलासरी तालुका त्या वेळी उंबरगाव तालुक्यातच होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दाम्पत्य या भागात आले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे पाच हजार आदिवासींची परिषद भरली. तेथे ठरले ते अगदी साधे होते. वेठ करावयाची नाही. लग्नगडी राहावयाचे नाही. आपले शेत झाल्यावाचून दुसऱ्याच्या शेतावर जावयाचे नाही. दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून काम करावयाचे नाही. मारावयास आला तर एकजुटीने अडवावयाचे.

यातील तिसरा ठराव नीट पाहावा. आम्ही मघाशी जे चाक सांगितले, त्याची खीळ नेमकी तेथे होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी आपल्या दुःखाचे कारण कोणत्याही अहवालापेक्षा अचूक ओळखले होते. मे महिन्याच्या अखेरीस ठराव झाला आणि पाऊस तोंडावर होता. त्या पावसाळ्यात वारल्यांनी प्रथम आपली शेते लावली.

माणसे पाड्यापाड्यांत गेली, लग्नगड्यांना घराबाहेर बोलाविले आणि ‘तू आता मोकळा’ असे सांगितले. मोकळे करण्यास कायदा नव्हता, न्यायालयाचा हुकूम नव्हता. केवळ पुष्कळांनी एकाच वेळी ‘नाही’ म्हटले होते. हिमालयाच्या कुमाऊं भागात १९२१ च्या जानेवारीत असेच घडले होते. बागेश्वर येथे संक्रांतीच्या यात्रेला जमलेल्या लोकांनी कुली-बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडविल्या होत्या. वारल्यांजवळ बुडविण्यास वही नव्हती, वह्या मालकांच्या घरी होत्या. त्यांनी वही मानण्याचेच सोडून दिले.

पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. डहाणूच्या रानातील गवत बांधून मुंबईच्या म्हशींच्या गोठ्यांसाठी जाई. त्यात व्यापाऱ्यांचा मोठा पैसा होता. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये दर मिळाल्यावाचून कापणी नाही, असे मजुरांनी ठरविले. त्या तणावात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. संप मोडला नाही. पुढील वर्षी परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, आदिवासींवर खटले झाले. तरी वेठ परत आली नाही. गोदावरीबाईंनी हा सारा वृत्तांत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिला. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या राजकीय मतांविषयी श्रोत्यांत मतभेद असतील. वेठ गेली, आणि ती ज्यांच्यावर होती त्यांनी घालविली, या घटनेविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

कायदा त्यांच्या मागून आला. १९५० च्या राज्यघटनेतील २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि बेगार यांस बंदी केली. मौज अशी की घटनेच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवला आहे. त्याचे भाषांतर केलेले नाही. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळास जमिनीचा हक्क देण्याचा मार्ग खुला केला, आणि तो हक्क प्रत्यक्षात हाती येण्यासाठी अनेकांस फार झगडावे लागले. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. त्यात कर्जापोटी राबण्याच्या देशभरच्या रूढींची नावे दिली आहेत. त्या यादीत ‘वेट्टि’ आहे, ‘बेठू’ आहे, ‘हाळी’ आहे. ‘लग्नगडी’ मात्र नाही. नाव नसले तरी कायद्याची व्याख्या त्याला लागू पडते. पण यादीत शिरण्यासाठीही एखाद्या दुःखाची ओळख दूरवर पोचावी लागते, हे त्यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला विशेष वाटेल. १९८२ साली दिल्लीतील एशियाडच्या बांधकामावरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘बेगार’ म्हणजे काय हे ठरविताना न्यायमूर्ती भगवती यांनी मोल्सवर्थचा आधार घेतला. मोल्सवर्थ म्हणजे ज्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला तो. सत्ताधाऱ्याने मोबदल्यावाचून घेतलेले काम, हा कोशातील अर्थ न्यायालयाने नमूद केला. पण तेथे थांबले नाही. घटनेने बेगारीबरोबरच तिच्यासारख्या इतर सक्तीच्या श्रमासही मनाई केली आहे, आणि किमान वेतनाहून कमी दाम देऊन घेतलेले काम हे तशाच सक्तीचे काम होय, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे दाम मिळाला की सक्ती संपली असे नव्हे. आरंभी आम्ही वेठीचे जे लक्षण सांगितले, ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसणे, तेच येथे कायद्याच्या भाषेत आले. झरीच्या परिषदेने बारा आणे मागितले होते, तेही याच समजुतीने.

आता पुन्हा आपल्या रोजच्या बोलण्याकडे वळू. ‘वेठ मारणे’ म्हणजे निष्काळजीपणे काम उरकणे. हा अर्थ कोणाच्या बाजूने तयार झाला असेल? ज्याच्या शेतावर काम होत होते त्याच्या. फुकट राबणारा मन लावून राबत नाही ही त्याची तक्रार होती, आणि त्याच्या तक्रारीचा शब्दकोशात अर्थ झाला. राबणाऱ्याची तक्रार मात्र कोशाबाहेर राहिली.

‘वेठीस धरणे’ याची कथा याहून उलटी झाली आहे. पूर्वी सरकारचा शिपाई किंवा जमीनदाराचा माणूस गरिबाला वेठीस धरी. आज वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा संप करणारा मजूर, वाहक किंवा सफाई कामगार समाजाला वेठीस धरतो. संपाने लोकांचे हाल होतात हे खोटे नाही. कोणता संप योग्य आणि कोणता अयोग्य याचा निर्णय ज्याने त्याने करावा. पण त्यासाठी मराठीत खोळंबा आहे, अडवणूक आहे, गैरसोय आहे. कामास नकार देणाऱ्याने वेठीस धरले असे म्हणणे, हा शब्द पार उलटा फिरविणे होय. झरी आणि तलवाड्याच्या लोकांनी काम नाकारले तेव्हा वेठ संपली. त्यांच्या नकाराला आजच्या वर्तमानपत्राची भाषा लावली, तर पाचशे पौंड गवतासाठी त्यांनीच मुंबईच्या म्हशींना वेठीस धरले असे म्हणावे लागेल.

भाषेवर पहारा बसविता येत नाही, आणि तो बसवावा असेही आमचे म्हणणे नाही. शब्द झिजतात, अर्थ बदलतात, हा त्यांचा धर्म आहे. परंतु काही शब्द माणसांनी फार किंमत देऊन रिकामे केलेले असतात. वेठ हा तसा आहे. दोन हजार वर्षे तो प्रथम दगडावर, मग तांब्यावर, मग कागदावर लिहिला गेला, आणि बहुतेक वेळा वेठ घेणाऱ्याच्या किंवा माफ करणाऱ्याच्या हाताने. ज्यांच्या अंगावर तो होता त्यांनी तो एकदाच, १९४५ च्या उन्हाळ्यात, तोंडाने म्हटला, आणि तोही ‘नाही’ या शब्दाला जोडून.

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. मुंबईहून सुरतेकडे जाणारी आगगाडी डहाणूवरून जाते, महामार्ग तलासरीवरून जातो. खिडकीतून दिसणाऱ्या भातखाचरांतील लावणी आज कोणाच्या शेतावर आधी होते, एवढा प्रश्न प्रवाशाने मनात आणला तरी त्याला या शब्दाचा अर्थ समजला असे आम्ही म्हणू.